बसस्टँडमागचं ऑनलाइन सेंटर, फॉर्म 18 चा अनुभव (5 पैकी साडेतीन स्टार)

विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघाच्या मतदार यादीत नाव टाकायचा फॉर्म 18 भरायला गेलतो. सेंटरचं नाव लिहीत नाही, उद्या सातबारा काढायला परत त्याच्याकडेच जायचं आहे.

पोरगा हुशार आहे. मागच्या वेळी नाव होतं तं पुन्हा फॉर्म कायले म्हटलं, तर नीट समजावून सांगितलं, ही यादी दर निवडणुकीले नव्यानं बनते, जुनं नाव चालत नाही. डिग्री, आधार, फोटो सगळं बरोबर चढवलं. पण बोर्डावर 30 रुपये अन् घेतले 50, स्कॅनचे वेगळे म्हणे. त्यात लाइट गेली, इन्व्हर्टर नाही, दीड तास बसून रायलो.

त्या दीड तासात मात्र मजा आली. पीक विम्यासाठी आलेले एक काका म्हणे माह्यंही नाव टाक ना त्यात. काका, पदवी लागते. "वावर मी पेरू अन् आमदार तू निवडशीन?" आता काय सांगता बाप्पा. बाजूला रिटायर गुरुजी होते, त्यांनी बोटावर हिशोब मांडला, विधान परिषदेत 78 जागा, त्यातल्या 30 विधानसभेचे आमदार निवडतात, 22 झेडपी-नगरपालिकावाले, 7 शिक्षक, 7 पदवीधर अन् 12 राज्यपाल नेमतात. इंग्लंडच्या वरच्या सभागृहात तं 1999 पर्यंत शेकड्यानं लोक बापाच्या गादीवरच बसत, तेव्हा काढले तरी 92 ठेवलेच, 2012 मध्ये 80 टक्के निवडून आणायचं बिल आलं तेही गुंडाळलं. काका म्हणे, "म्हंजे पाटीलकीच झाली ना ते!"

अन् आपले 12? नोव्हेंबर 2020 ले सरकारनं नावं पाठवली, राज्यपालांची सही काही झाली नाही, ऑक्टोबर 2024 मध्ये कुठं 7 जण नेमले. मले विचाराल तर विधान परिषदच बंद करून फायदा नाही, आंध्रानं 1985 मध्ये बंद केली ते 2007 मध्ये परत उघडली. पण हे नेमणं बंद करा अन् त्या 22 जागांच्या मतदानात ग्रामपंचायत मेंबरले घ्या. काका स्वतः मेंबर आहेत, त्यांचं मत तिथंही नाही, अन् पडलेले नेते मागच्या दारानं आत!

लाइट आली तं काकांचा अंगठाच मशीन घेईना, ओटीपीचा मोबाइल घरी राहिलेला. पोरानं त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही, म्हणून अर्धा स्टार जास्त. पावती मात्र मागून घ्या, स्वतःहून देत नाही.