घरचे व्हिडिओ जोडायचेत: क्लिपचॅम्प, शॉटकट, केडेनलाइव्ह की दा विंची?

"एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" असं विचारलं की जो तो स्वतः वापरतो त्याचं नाव सांगून मोकळा होतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला लग्नाचे व्हिडिओ करणारा ईडियस नाहीतर प्रीमियर म्हणतो. कॉलेजातला पोरगा दा विंची म्हणतो. नवा लॅपटॉप घेतलेला म्हणतो, अहो, ते विंडोजमध्ये आधीच आहे की! तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. पण तुमच्या घरातलं मशीन कुठलं, क्लिपा कुठनं आल्यात आणि तयार व्हिडिओ कोण कशावर बघणार, हे त्यांतल्या एकानंही विचारलेलं नसतं. घरगुती कामाला निवड या तीन गोष्टींवरच ठरते.

काही नावं आधीच बाजूला काढू. प्रीमियर प्रो उत्तम आहे, पण ते भाड्यानं मिळतं. बारसं, मुंज, गणपती एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे भरणं परवडत नाही. फिल्मोरा फुकट उतरवता येतं, पण पैसे भरले नाहीत तर तयार व्हिडिओवर त्यांचा शिक्का बसतो, आणि तो सगळं काम झाल्यावर, शेवटच्या पायरीला दिसतो. कॅपकटवर भारतात बंदी आहे. राहिला तो पेनड्राइव्हवरून मिळणारा 'क्रॅक'. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार चालतात, तिथं असलं काही टाकू नये.

मॅक असेल तर विचार फार करू नका, आयमूव्ही फुकट आहे, त्यावर सुरुवात करा. मॅकवरच्या आयमूव्हीत उभा व्हिडिओ सरळपणे करता येत नाही, आणि एकावर एक असे चित्राचे दोनच थर मिळतात. रीलच करायची असेल तर अडेल, टीव्हीसाठी करायचं असेल तर चालेल.

बाकीच्यांनी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मेमरी किती आहे ते बघावं. 8 जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, अशी बहुतेक घरांतली स्थिती असते. अशा मशीनवर क्लिपचॅम्प, शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे तीन चालतात. 16 जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तरच दा विंची रिझॉल्व्हचं नाव काढावं. ते 8 जीबीवर उघडतं, नाही असं नाही, पण क्लिप लावून प्ले दाबलं की चित्र अडखळायला लागतं आणि माणूस तिथंच कंटाळतो. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी एसएसडी बसवून घ्या, त्याचा फरक जास्त पडेल.

आता चौघांना एकच काम देऊ. मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत विसर्जनाची मिरवणूक घरातल्या तिघांनी तीन फोनवर घेतली आहे. त्यातून दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे.

क्लिप आत घेताना

मोबाइलचा व्हिडिओ दिसतो तेवढा साधा नसतो. फोन सेकंदाला 30 चित्रं म्हणतो खरा, पण उजेड कमी झाला की कधी 28, कधी 24 घेतो. एडिटर मात्र ठरलेल्या गतीनं चालतो. मग सुरुवातीला जुळलेला ताशा पाच मिनिटांनी काडीच्या मागं पडायला लागतो. शॉटकट आणि केडेनलाइव्ह इथं शहाणे आहेत. अशी क्लिप आत घेतली की ते स्वतःहून विचारतात, एडिटिंगला सोपी करून देऊ का? शॉटकट तीन पर्याय दाखवतो. घरच्या कामाला पहिला, म्हणजे एमपी4 चा, पुरे. पुढचे दोन दर्जा राखतात पण फाइली प्रचंड फुगवतात. रिझॉल्व्ह वापरणारे बरेच जण आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (म्हणजे ठरलेली एकच गती) निवडून क्लिप काढून घेतात, आणि ती सवय चांगली आहे.

रिझॉल्व्हचं आणखी एक सांभाळायला लागतं. प्रोजेक्टची गती पहिली क्लिप टाकताना ठरते, मग त्या प्रोजेक्टमध्ये ती बदलता येत नाही. लग्नाच्या कॅमेरावाल्याचं चित्रीकरण बहुधा 25 चं आणि तुमच्या फोनचं 30 चं. जास्त क्लिपा ज्या गतीच्या, ती गती आधी ठरवा आणि मगच कामाला लागा.

फोनच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' चालू असेल तर व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच.265 मध्ये साठतो. फोनमधली जागा वाचते, पण जुन्या लॅपटॉपला तो उलगडताना धाप लागते. पुढच्या कार्यक्रमाआधी ते सेटिंग बदलून टाका, निम्मी कटकट तिथंच संपते.

कापाकापी

इथं क्लिपचॅम्प सगळ्यांत सोपं. विंडोज 11 मध्ये ते आलेलंच असतं, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, इंटरनेट लागतं. क्लिप खालच्या पट्टीवर ओढा, हवी तिथं रेघ आणा, एस दाबा, तुकडा होतो. नको तो निवडून डिलीट. ज्या काकूंनी आयुष्यात एडिटर उघडला नाही, त्यांनाही पहिल्याच बैठकीत जमतं. फुकटात 1080पी पर्यंत व्हिडिओ निघतो आणि त्यावर शिक्का नसतो. 4के हवं असेल, किंवा त्यांच्या साठ्यातली काही गाणी-चित्रं हवी असतील, तर पैसे.

शॉटकटमध्येही तुकडा करायला एसच आहे, आणि एक्स दाबलं की तुकडा जाऊन मागचं सगळं पुढं सरकतं. पहिल्यांदा उघडल्यावर मात्र पडदा रिकामा दिसतो, टाइमलाइन, म्हणजे क्लिपा लावायची पट्टी, तीही आपणच उघडायची. तिथं निम्मी माणसं परत फिरतात. तेवढा उंबरा ओलांडला की गाडी रुळावर.

केडेनलाइव्हमध्ये खिडक्या जास्त आणि बटणंही जास्त, पण त्याची प्रॉक्सीची सोय मला सगळ्यांत सोयीची वाटते. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू केली की ते प्रत्येक जड क्लिपची हलकी, कमी दर्जाची नक्कल करून ठेवतं. तुम्ही नकलेवर काम करता, म्हणून 8 जीबीचं मशीनही पळतं. शेवटी व्हिडिओ काढताना मात्र मूळ क्लिपाच वापरल्या जातात, दर्जा जात नाही. शॉटकटमध्येही प्रॉक्सी आहे. पण तीन फोनवरच्या शंभरभर 4के क्लिपा सांभाळायच्या असतील तर मी केडेनलाइव्हच उघडेन.

रिझॉल्व्हचं काय? खालच्या पट्टीवर मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर अशी पानं आहेत. कट नाहीतर एडिट आणि शेवटी डिलिव्हर, एवढ्यावर घरचं काम होतं. बाकीची पानं बघून घाबरायचं कारण नाही. फुकट आवृत्तीतून अल्ट्रा एचडी म्हणजे 4के पर्यंत व्हिडिओ निघतो, शिक्का नाही. स्टुडिओ आवृत्ती 295 डॉलरना, तीही एकदाच. रंगांच्या बाबतीत बाकीचे तिघं त्याच्या जवळपासही नाहीत. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवात गाभाऱ्याच्या अंधारात किरणांचा पट्टा घेतलेली क्लिप असेल, तर अंधार अंधारच ठेवून पट्टा तेवढा उठवणं रिझॉल्व्हमध्ये नीट जमतं. शॉटकटमध्ये तेच करायला गेलं की अंधारात दाणे दिसायला लागतात.

1929 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली, तेव्हा फिल्म हातानं कापून जोडायला लागायची. इथं चौघांतल्या कुठल्याही एडिटरमध्ये मूळ क्लिपला धक्का लागत नाही. प्रोजेक्टमध्ये फक्त 'या क्लिपचा इथून इथपर्यंतचा भाग' अशी नोंद असते. म्हणून बिनधास्त कापा. पण म्हणूनच क्लिपांचं फोल्डर मधेच दुसरीकडे हलवलं किंवा 'आता काय करायच्यात' म्हणून पुसलं, की दुसऱ्या दिवशी टाइमलाइनवर क्लिपांच्या जागी 'फाइल सापडत नाही' एवढंच दिसतं. एका कार्यक्रमाचं सगळं एकाच फोल्डरात ठेवा आणि व्हिडिओ तयार होईपर्यंत त्याला हात लावू नका. रिझॉल्व्ह तर प्रोजेक्टही फोल्डरात न ठेवता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. मशीन फॉरमॅट करायच्या आधी तो बाहेर काढायचं लक्षात ठेवायला लागतं.

आवाज

मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहून घेतलेला फाटका आवाज चौघांपैकी कुणीच दुरुस्त करू शकत नाही. फोनच्या माइकलाच तो झेपलेला नसतो. अशा वेळी चित्र ठेवा, आणि आवाज लांब उभं राहून घेतलेल्या दुसऱ्या फोनचा लावा. हे चौघांतही जमतं. रंकाळ्यावर घेतलेल्या क्लिपेत वाऱ्याची घरघर असेल तर शॉटकटमधला खालचा, जाड आवाज कापणारा 'हाय पास' फिल्टर बराच आराम देतो. रिझॉल्व्हमधलं माणसाचा आवाज वेगळा काढून देणारं साधन पैसेवाल्या आवृत्तीतच आहे. ते बघून रिझॉल्व्ह उतरवत असाल तर थांबा.

मराठी अक्षरं

बऱ्याच परीक्षणांत हा मुद्दा नसतो, आणि आपल्याकडं पहिलं काम नाव टाकायचंच असतं. कुठलाही एडिटर घेतल्यावर आधी एक रिकामा प्रोजेक्ट उघडा आणि 'हार्दिक' लिहून बघा. त्यात रफार आणि पहिली वेलांटी एकाच अक्षरावर येतात. वेलांटी 'द'च्या डावीकडं न जाता उजवीकडं लोंबकळत राहिली, किंवा रफाराऐवजी पाय मोडलेला 'र्' दिसला, तर त्या एडिटरात मराठी मजकूर टाकायच्या भानगडीत पडू नका. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये जोडाक्षरं नीट बसतात. विंडोजमधला निर्मला फॉन्ट चालतो, मुक्ता किंवा बालू उतरवून घेतला तर जास्त देखणं दिसतं. क्लिपचॅम्प आणि रिझॉल्व्हमध्ये मात्र आपल्या मशीनवर, आपल्या आवृत्तीत ही परीक्षा घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये.

परीक्षेत नापास झालं तरी वाट आहे. नावाची पाटी दुसरीकडे तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात काढा आणि ते चित्र क्लिपवर ठेवा. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. पत्रिका छापणाऱ्याकडून मजकुराची फाइल आणली असेल तर ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली असण्याची शक्यता मोठी. ती एडिटरात चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तो दोष एडिटरचा नाही. मजकूर युनिकोडमध्ये परत टाइप करायचा.

जुन्या लग्नाची डीव्हीडी

कपाटातल्या डीव्हीडीसाठी निवड एकदम सोपी होते. चकतीवर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर असतं आणि त्यात व्हीओबी फाइली, प्रत्येक जेमतेम 1 जीबीची. रिझॉल्व्ह त्या घेत नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह थेट उघडतात. पण तुकड्यांच्या सांध्यावर, अगदी मंगलाष्टकं चालू असतानाच, आवाज टचकन तुटतो. त्यापेक्षा हँडब्रेकला अख्खं फोल्डर द्या आणि 'डीइंटरलेस' (हलत्या चित्रातल्या आडव्या रेघा घालवणारी सोय) चालू ठेवून एकसलग एमपी4 काढा. मग ती फाइल चौघांतल्या कुणातही चालते. चित्र 720 बाय 576 चंच राहणार, ते 4के करायच्या नादाला लागू नका.

मग टाकायचं कुठलं?

एकाच कार्यक्रमाचा छोटा व्हिडिओ करायचाय आणि परत हात लावायचा नाही: क्लिपचॅम्प. 8 जीबीचं मशीन आहे आणि दर सणाला थोडं काही करायचंय: शॉटकट. क्लिपा ढीगभर, 4के मधल्या, आणि शिकायची तयारी आहे: केडेनलाइव्ह. घरातल्या पोराला पुढं हेच काम करायचंय आणि मशीनही तगडं आहे: सरळ रिझॉल्व्ह, कारण शिकवणारे व्हिडिओ त्याचे भरपूर आहेत आणि तिथं शिकलेलं धंद्यात उपयोगी पडतं. चारातलं एकच सांगा म्हणालात तर शॉटकट. ते हलकं आहे, खातं मागत नाही, आणि इंटरनेट गेलं तरी चालतं.

काढताना एच.264 निवडा. एच.265 मुळे फाइल लहान होते, पण गावाकडच्या मामांच्या टीव्हीवर नुसता आवाज येऊन चित्र काळं राहण्याची शक्यता असते. 1080पी ला सेकंदाला 8 मेगाबिटचा वेग ठेवला तर तासाभराच्या व्हिडिओला साधारण 3.6 जीबी लागतात. वेग दुप्पट केला की 7 जीबीच्या वर, आणि एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आत कितीही जागा मोकळी असली तरी. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करता येतो, पण जुने टीव्ही तो वाचतीलच असं नाही. तिथं व्हिडिओचे हळद आणि लग्न असे दोन भाग करून द्या. आणि व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जातं. नुसता व्हिडिओ म्हणून टाकला की ते दाबून बारीक करतं.