चिमणी सर्व्हिसिंग, इंदिरानगर: उशीर सोडला तर काम चोख

स्वयंपाकघरातल्या चिमणीचं सक्शन, म्हणजे धूर ओढणं, नावालाच उरलेलं म्हणून इंदिरानगरातल्या एका छोट्या दुकानातून माणूस बोलावला. अकराला येतो म्हणाला, आला दीडला!! पण आल्याआल्या आधी प्लग काढला, गॅस बंद केला, शेगडीवर पेपर टाकले मगच हात लावला, हे आवडलं. धुरातलं तेल अडवणारे स्टीलचे बॅफल फिल्टर कढत पाण्यात सोडा टाकून भिजवले, ब्लोअर (धूर ओढणारा पंखा) खोलून पुसला, मोटरला पाणी लागू दिलं नाही. खरा घोळ धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात निघाला, त्या ॲल्युमिनियमच्या डक्टला नको तेवढे बाक आणि आत तेलाचा थर, कढईचा भडका वर गेला तर हेच पेटतं म्हणे. नवा डक्ट सरळ बसवून दिला. आणि हो, चिमणी ऑटोक्लीन (स्वतःच आतून साफ होणारी) असली तरी तेलाची वाटी आपणच रिकामी करायची असते. पैसे थोडे जास्त वाटले, पण आता फोडणीचा ठसका हॉलपर्यंत येत नाही.