रोज कॅशे साफ करण्याचे सात महिने

मोबाईल दुरुस्तीवाल्याने तीनशे रुपये घेऊन माझ्या फोनचं जे केलं, ते मी घरी बसून अर्ध्या मिनिटात फुकट केलं असतं. क्रोम, वरची तीन टिंबं, 'ब्राउझिंग डेटा हटवा', संपलं. "आता बघा कसा पळतो," म्हणाला, आणि त्या संध्याकाळी तो पळाल्यासारखा वाटलाही. म्हणून सवय लागली. जानेवारी ते जुलै, रोज सकाळी दुकानाचं शटर वर करण्याआधी मी नेमाने कॅशे, म्हणजे क्रोमने फोनमध्ये साठवून ठेवलेल्या साइटच्या फाइली, साफ करत होते.

गोव्यातल्या साखळी गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. वीज गेली की सगळी भिस्त फोनवर. फोन चार वर्षांचा, 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज. चालतोय तोवर नवा घ्यायचा नाही, हे पक्कं.

पहिले दोन महिने कुणी विचारलं असतं तर मी या उपायाची बाजू घेऊन भांडले असते. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगत सुटले होते. शंका आली ती एप्रिलमध्ये, विठ्ठलापूरच्या जत्रेच्या सुमारास, आणि ती डेटामुळे. रोजचा 1.5 जीबीचा पॅक पूर्वी रात्री उरायचा. आता दुपारी चारलाच 'संपत आला' म्हणून मेसेज यायला लागला. काम तेवढंच, साइटही त्याच आठ-दहा. मग एके दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. कॅशे साफ करून एक सरकारी पान उघडलं, पूर्ण यायला 21 सेकंद लागले. बंद करून पुन्हा उघडलं, 7 सेकंद. तिसऱ्यांदा 6. दुसऱ्या दिवशीही जवळपास तेच आकडे. म्हणजे तीन महिने रोज सकाळी मी प्रत्येक साइटची पहिली फेरी स्वतःच्या हाताने हळू करत होते आणि त्याचे पैसेही भरत होते! तरी सवय सुटली नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेत भरतात. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, कुळीथ असं पावसाळाभर पुरेल एवढं घरात आणून ठेवायचं, कारण जूनमध्ये बाजार गाठता येईलच असं नाही. कॅशे म्हणजे ब्राउझरचं पुरुमेत. साइटचा लोगो, अक्षरांच्या फाइली, बटणं चालवणारा कोड हे सगळं एकदा उतरवून फोनमध्ये ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी मुदत संपली नसेल तर ब्राउझर घरातलंच वापरतो. संपली असेल तर सर्व्हरला विचारतो, 'यात काही बदललंय का?' तिकडून 304 असं उत्तर आलं की बदल नाही, फाइल पुन्हा उतरवायची गरज नाही. जागा भरत आली की जुनं काढून टाकायचं कामही तो स्वतःच करतो. माझं माहेर सत्तरी तालुक्यात आहे, तिथे रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात मिळते. तिथे गेल्यावरसुद्धा मी हे भरलेलं पुरुमेत रोज फेकून देत होते, याचा मला अजून राग येतो.

पण याहून जास्त राग आहे तो एका टिकवर. 'ब्राउझिंग डेटा हटवा' उघडलं की हिस्ट्री, 'कुकी आणि साइट डेटा' आणि 'कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल' हे तिन्ही एकाखाली एक येतात, आणि माझ्या फोनवर तिन्हींवर आधीच टिक होती. मधल्या ओळीखाली बारीक राखाडी अक्षरांत लिहिलेलं असतं की बऱ्याच साइटवरून तुम्ही साइन आउट व्हाल. चष्मा लावल्याशिवाय मला ते दिसत नाही. कॅशे आणि कुकी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कॅशे गेली तर पान पुन्हा उतरतं. कुकी गेली तर साइट तुम्हाला ओळखत नाही.

जूनमध्ये एका मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरत होते. शेवटचा दिवस, बाहेर धो धो पाऊस, वीज नाही. फोटो, सही, गुणपत्रिका सगळं चढवून झालं आणि 'पुढे' बटण दाबलं तरी ढिम्म. मी सवयीने तिन्ही टिकांसह सगळं साफ केलं. लॉगिन गेलं. भरलेलंही गेलं. पुन्हा शिरायला ओटीपी हवा, तो वडिलांच्या नंबरवर, आणि वडील ड्युटीवर, फोन उचलत नव्हते. तो मुलगा दोन तास माझ्या काउंटरला टेकून उभा होता, हातातली प्लॅस्टिकची फाइल उघडायचा आणि मिटायचा. फॉर्म रात्री साडेनऊला गेला. त्याच्याकडून मी पैसे घेतले नाहीत, आणि घेतलेच असते तर मला झोप लागली नसती.

गंमत अशी की त्या दिवशी दोष खरंच कॅशेचा होता. सकाळच्या माझ्या साफसफाईनंतर साइटवाल्यांनी पान बदललं होतं आणि माझ्या फोनमध्ये जुना कोड बसला होता. फक्त कॅशे साफ केली असती, मधली टिक काढली असती, तर मिनिटात काम झालं असतं. म्हणून आता मी आधी तेच पान इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत, उघडते, कारण तिथे साठवलेली जुनी कॅशे वापरली जात नाही. तिथे बटण चाललं तर दोष फोनमधल्या जुन्या साठ्यात. तिथेही अडलं तर बहुतेक साइटच आजारी, साफसफाईने काही होणार नाही. सात महिन्यांत शिकलेली ही सर्वांत कामाची गोष्ट.

मग फोन हळू का होता? ते जुलैत कळलं, जेव्हा एक साधा फोटोही सेव्ह होईना. 32 जीबीपैकी जेमतेम 900 एमबी मोकळे. क्रोमची कॅशे त्यात 300 एमबीसुद्धा नव्हती. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ 11 जीबी! वास्कोच्या सप्ताहातल्या भजनांचे, गणपतीवर टांगायच्या माटोळ्यांचे, सुप्रभातचे, एकच व्हिडिओ चार ग्रुपमधून आलेला. मेमरी गच्च भरली की फोनला नवं लिहायला मोकळी जागा शोधत बसावी लागते आणि सगळंच रखडतं. भजनांचे चांगले व्हिडिओ संगणकावर घेतले, बाकी उडवले. शिवाय क्रोममध्ये टॅब इतके उघडे होते की टॅब मोजणाऱ्या चौकटीत आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसत होता. शंभरीच्या आत असतील तरच आकडा दिसतो. तेही बंद केले. दुसऱ्या दिवसापासून फोनमध्ये जो फरक पडला, तो सात महिन्यांच्या कॅशे-साफीने एकदाही पडला नव्हता.

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन हे सगळं सांगितलं. "तुम्हीच म्हणालात फास्ट करा," म्हणाला. तीनशे परत मिळाले नाहीत.

गेल्या आठवड्यात केरीहून एक वहिनी आल्या. "नेट अगदी हळू झालंय, सगळं साफ करून द्या." मी आधी विचारलं, पासवर्ड लक्षात आहेत का? नव्हते. त्यांचा फोन घेतला, साफसफाईला हातच लावला नाही. क्रोममध्ये बघितलं तर चौकटीत तोच हसरा चेहरा. टॅब बंद केले, त्यांच्या लेकीला विचारून लग्नाचे दुहेरी व्हिडिओ काढले, दहा मिनिटं लागली. दोन झेरॉक्स काढायच्या होत्या, तेवढेच पैसे घेतले.