यॉर्कशायर, संकरित की देशी? आधी खाद्य ठरवा, जात मग

सातारा-सांगलीत वराहपालन करू पाहणारा माणूस पहिल्यांदा जात विचारतो. यॉर्कशायर घेऊ, लँड्रेस घेऊ, की ड्युरोकचा संकर? आमच्या मते त्याआधी एक गोष्ट ठरली पाहिजे: वर्षभर रोज खायला काय घालणार? मका-सोयापेंडीचे मिश्र खाद्य, की हॉटेल आणि मंगल कार्यालयांतले खरकटे? त्यावर जात ठरते.

देशी डुक्कर काटक असते, पण वर्षभरात जेमतेम 40-50 किलो भरते. महागडे खाद्य घालून ते यॉर्कशायरसारखे वाढेल ही आशा ठेवू नका. मांस धरण्याची त्याची कुवत लवकर संपते आणि पुढचे सगळे खाद्य चरबीत जाते. मांसात तीन-चतुर्थांश पाणी असते, चरबीत फारच थोडे. त्यामुळे एक किलो चरबी चढवायला किलोभर मांसाच्या तिप्पट-चौपट खाद्य लागते. देशीत आणखी एक अडचण म्हणजे नर लवकर, लहान वजनातच वयात येतो आणि मांसाला उग्र वास धरतो. दोन-तीन आठवड्यांचा असतानाच त्याला खच्ची करून घ्यावे. मोकाट सोडलेल्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या साबुदाण्यासारख्या गाठी निघाल्या, तर अख्खे धड वाया जाते. देशी पाळायचे तरी बंदिस्तच पाळा.

यॉर्कशायर पांढरे, उभ्या कानाचे. एका वेताला साधारण 10 पिल्ले देते आणि मिश्र खाद्यावर सात-आठ महिन्यांत 90 किलो गाठते. लँड्रेसचे कान डोळ्यांवर पडलेले, अंग लांब, मांड्या भरलेल्या, मादी दुधाला चांगली. पण हे जनावर जरा नाजूक. ताण सोसत नाही, आणि काही वंशांत कापल्यावर मांस फिके पडून पाणी सुटते. तांबूस ड्युरोकच्या मांसात चरबीचे बारीक धागे असतात, म्हणून ते रसाळ लागते. मात्र पिल्ले कमी. म्हणूनच ड्युरोक नर म्हणून वापरावा आणि यॉर्कशायर-लँड्रेस संकराची मादी ठेवावी. नुसती पिल्ले आणून वाढवणार असाल तर विकणाऱ्याला बापाची जात विचारा. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या उन्हात पांढरी कातडी भाजते आणि पारा 30 अंशांवर गेला की डुक्कर खाणे कमी करते. तिथे सावली आणि दुपारी अंगावर पाणी नसेल, तर पांढऱ्या जातीची सगळी बढाई फुकट.

आता खाद्य. दूध तोडल्यावर वाढीच्या काळात 17-18 टक्के प्रथिने लागतात. 100 किलोत मका 60, सोयापेंड 20, गव्हाचा कोंडा 17.5, खनिज मिश्रण 2 आणि मीठ अर्धा किलो घातले की 17 टक्क्यांच्या आसपास बसते. 60 किलोच्या पुढे सोयापेंड 13 वर आणा, मका 62 आणि कोंडा 22.5 करा. 15 किलोचे पिल्लू 90 किलोला न्यायला असे साधारण अडीचशे किलो खाद्य जाते.

घरचे सोयाबीन आहे, मग पेंड कशाला विकत आणायची, असा मोह आपल्या भागात हमखास होतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो, त्यामुळे भरपूर खाऊनही वाढ थांबते. दाणे नीट भाजून घ्या. भाजलेलेही बेताने घाला, कारण तेलामुळे चरबी मऊ पडते. भाताचा पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक, तेलकट कोंडा) जास्त झाला तरी हेच होते. थंड केलेल्या धडाच्या चरबीत बोट सहज रुतले, तर खाटीक भाव पाडणारच. सोयापेंडीऐवजी शेंगपेंड घालणे हाही खरा पर्याय नाही. तिच्यात लायसिन (वाढीला लागणारा प्रथिनांचा एक घटक) कमी असते, आणि मक्यातही ते कमीच. परतीच्या पावसात भिजलेला मका तर आधी फोडून पाहा. कोंबाजवळ हिरवट किंवा गुलाबी बुरशी दिसली, तर तो माद्यांना अजिबात नको; गुलाबी बुरशीने योनी सुजते, माजाचे चक्र बिघडते.

खरकटे स्वस्त पडते, पण त्यात पाऊण हिस्सा किंवा जास्त पाणीच. अडीच किलो कोरड्या खाद्याची भरपाई करायला 10-12 किलो खरकटे लागते, आणि 20 किलोच्या पिल्लाच्या पोटात तेवढे मावत नाही. म्हणून 30 किलोपर्यंत मिश्र खाद्यच द्या. पुढे खरकट्याबरोबर रोज किलोभर मिश्र खाद्य ठेवा. पोट सुटलेल्या जनावराचा उतारा, म्हणजे जिवंत वजनाच्या मानाने निघणारे धड, कमी पडतो: चांगल्या खाद्यावर 70 ते 75 टक्के मिळतो, खरकट्यावर त्याहून खाली येतो. खरकट्यात मीठही असते, तेव्हा पिण्याचे पाणी एक वेळही तुटू देऊ नका. निदान अर्धा तास उकळल्याशिवाय खरकटे घालू नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग 2020 मध्ये भारतात आला. त्यावर उपचार नाही, आणि तो डुकराच्या मांसाच्या उष्ट्यातून पसरतो. फक्त खरकट्यावरच चालवायचे असेल, तर अर्धे देशी रक्त असलेला संकर घ्या. शुद्ध यॉर्कशायर त्यावर नुसते हाडाने वाढते.

शेवटच्या महिन्यात पाठीवर तळहात ठेवून दाबा. हलक्या दाबाने कणा लागला तर चरबी कमी आहे. जोर देऊनही लागला नाही, तर जनावर विकायला उशीर झाला. 60 किलोनंतर पोटभर खाण्याच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्केच दिले तर चरबी आटोक्यात राहते, दिवस मात्र थोडे वाढतात. चॉरिस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) करणारा गोव्याचा खरेदीदार असेल तर थोडी चरबी चालते, हॅमवाल्याला चालत नाही. मासळीची भुकटी वापरत असाल तर विक्रीच्या महिनाभर आधी बंद करा, नाहीतर मांसाला मासळीचा वास येतो. जंतनाशक वेळच्या वेळी द्या, नाहीतर यकृतावर दुधाळ ठिपके पडतात आणि ते फेकावे लागते. कापण्याआधी 12 तास उपाशी ठेवा, पाणी मात्र भरपूर द्या. गाडीत वेगवेगळ्या कप्प्यांतली डुकरे एकत्र भरू नका. रस्ताभर भांडतात आणि ताणाने मांस बिघडते. पाठवायचे ते रात्री.