आयएसएए चाचणी: आकडे उपयोगाचे, शिक्के दिशाभूल करणारे

ऑटिझमचं प्रमाणपत्र काढायचं म्हटलं की बहुतेक पालकांची आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) या भारतीय चाचणीशी गाठ पडते. सहा विभाग, ४० मुद्दे. एखादं वर्तन किती वेळा दिसतं, त्यानुसार १ ते ५ गुण. क्वचित दिसलं तरी १, त्यामुळे बेरीज ४० च्या खाली जातच नाही, कमाल २००. ७० ते १०६ 'सौम्य', १०७ ते १५३ 'मध्यम', त्यापुढे 'तीव्र'.

मूल बघणं, पालकांना विचारणं आणि मुलाला काहीतरी करायला देणं, तिन्ही मिळून गुण ठरतात. ही बांधणी आम्हाला पटते. शिक्के मात्र पटत नाहीत. गुण मोजतात वारंवारता; पालक 'सौम्य' वाचतात आणि मदत कमी लागेल असं समजतात. चाळिसावा मुद्दा बघा: असामान्य कौशल्य. कुठलीही तारीख सांगा, वार सांगणाऱ्या मुलाला इथे ५ मिळतात आणि बेरीज 'तीव्र'कडे सरकते. उलट, अजिबात न बोलणाऱ्या मुलाला शब्दांच्या पुनरुक्तीत १ आणि सर्वनामांच्या अदलाबदलीतही ('मी'ऐवजी 'तू' म्हणणं) १ मिळू शकतो.

मराठी घरात आणखी एक गोष्ट निसटते. तहान लागल्यावर मूल 'मला'ऐवजी "तुला पाणी हवंय?" म्हणतं, हे कोणाच्याही लक्षात येतं. पण सहा वर्षांचा मुलगा "मी जाते" म्हणाला, तर ती लिंगाची चूक समजून सोडून देतात. ते आईचं वाक्य जसंच्या तसं आलेलं असू शकतं. अशी वाक्यं, कधी आणि कोणाला म्हटली यासकट, आठवडाभर वहीत लिहून मगच तपासणीला जा.

ऑटिझमसाठीचा 'स्वमग्नता' हा शब्द सरकारी कागदावर टळत नाही. पण मिक्सर सुरू होताच कान झाकून ओरडणारं मूल स्वतःत मग्न नसतं, बाहेरचा आवाज त्याला सोसत नसतो. घरी, शाळेत ऑटिझम किंवा ऑटिस्टिक म्हणा. 'मतिमंद' तर नकोच: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्या जागी 'बौद्धिक अक्षमता' आली, आणि ती वेगळी तपासावी लागते.

अहवालात नुसती बेरीज घेऊ नका, सहाही विभागांचे गुण मागून घ्या. संवेदनांच्या विभागातले सहा मुद्दे वर्गशिक्षिकेला दाखवा. मुलाला पंख्याखाली बसवायचं की दारापासून लांब, हे तिला त्यातून कळेल.