फँटसी स्टार, आठ महिन्यांनंतर: एका चौकटीची चूक

चार्जिंगची पिन बदलून माझे निन्टेन्डो स्विच हे व्हिडिओ खेळांचे यंत्र परवा हातात आले आणि आतला ‘फँटसी स्टार’ हा खेळ मी जिथे सोडला होता तिथेच उभा आहे हे पाहून जीव भांड्यात पडला, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो आहे. हा मजकूर खरे तर एप्रिलमध्येच लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर तो फार कडवट झाला असता, कारण तेव्हा या आवृत्तीतील एका गोष्टीवर माझा राग होता, आणि तो राग चुकीचा होता हे कळायला मला माझीच तीस वर्षांपूर्वीची वही उघडावी लागली.

मूळ ‘फँटसी स्टार’ २० डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये सेगा कंपनीच्या ८ बिट यंत्रासाठी आला, म्हणजे पहिल्या ‘फायनल फँटसी’ या प्रसिद्ध खेळानंतर अवघ्या दोन दिवसांनी. मी वापरतो ती सेगा एजेस या जुन्या खेळांच्या मालिकेतील आवृत्ती आहे. एमटू या जपानी संस्थेने ती सजवली असून जपानबाहेर ती डिसेंबर २०१८ मध्ये स्विचवर आली. कथा, तीन ग्रह, जुलमी राजा लॅसिकच्या शिपायांनी भाऊ मारला म्हणून तलवार उचलणारी अ‍ॅलिस, म्याउ हे बोलणारे मांजर, हे सगळे वाचकांना ठाऊक असेल असे धरून चालतो. माझ्याकडे साडेपाच इंची पडद्याचे स्विच लाइट यंत्र आहे, सेकंड हँड, ११,५०० रुपयांना घेतलेले.

आधी पैशांचे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझे मन पुढे सरकत नाही. खेळाची किंमत ७.९९ डॉलर होती. मी परदेशी खात्यावरून खरेदी करत असल्यामुळे प्रीपेड कोड विकत घ्यावा लागला आणि मला मिळालेला सर्वांत लहान कोड १० डॉलरचा होता. उरलेले २.०१ डॉलर गेले आठ महिने खात्यात पडून आहेत. त्यात घ्यावेसे काही मिळत नाही, ते परत मिळत नाहीत आणि कोणाला देताही येत नाहीत. आमच्या घरी दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, वाळवून रद्दीवाल्यासाठी ठेवल्या जातात, त्यामुळे ही रक्कम मला आजही खुपते.

आता मुख्य तक्रार, म्हणजे नकाशा. या खेळातील भुयारे आपण अ‍ॅलिसच्या डोळ्यांनी पाहतो. समोर भिंत, डावीकडे वाट, पुढे पाऊल टाकले की भिंती सरकत जवळ येतात. १९८७ साली चार मेगाबिटच्या कॅसेटमध्ये हे सरकणे इतके सफाईने बसवले गेले होते की आजही ते पाहताना खोटे वाटत नाही. ते काम युजी नाका यांचे. पण एका भुयारातील सगळ्या भिंती सारख्याच असल्यामुळे चार वळणांनंतर माणूस हरवतो, आणि हरवायचे नसेल तर वही घेऊन बसावे लागते. एजेस आवृत्तीत ही वही यंत्रानेच आपल्याकडे घेतली आहे. तुम्ही चालत जाता आणि पडद्यावर चौकटीला चौकट जोडत नकाशा आपोआप तयार होतो.

मला हे अजिबात आवडले नाही. मी एका स्थापत्य अभियंत्याच्या कार्यालयात नकाशे काढण्याचे काम करतो, आणि त्या कामाची गोडी मला शाळेत नव्हे, तर याच खेळात लागली. १९९३ साली मस्कतहून आलेल्या मामांनी मास्टर सिस्टीम, म्हणजे सेगाचे ते ८ बिट यंत्र, आणि ही कॅसेट आणली होती. बेळगावच्या शहापुरातील आमच्या घरात टीव्ही एकच, तोही आजोबांच्या ताब्यात, त्यामुळे दुपारी दोन ते चार एवढीच वेळ मिळायची. गणिताची आलेख वही मांडीवर घेऊन मी एकेक पाऊल मोजत भुयारे उतरवून काढली. दरवाजासाठी दोन आडव्या रेघा, खड्ड्यासाठी फुली, पेटीसाठी भरीव चौकोन. १९९५ मध्ये कॅसेटमधील बॅटरी संपली आणि साठवलेला सगळा खेळ पुसला गेला. बर्फाळ डेझोरिस ग्रहावर पोहोचलेला माझा खेळ तिथेच राहिला. वही मात्र माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत सुरक्षित होती.

अशा माणसाला यंत्राने फुकटात नकाशा काढून दिला तर त्याला उपकार वाटत नाहीत, अपमान वाटतो. पहिले दोन महिने मी पिवळ्या चिकट चिठ्ठीचा तुकडा कापून तो पडद्यावरील नकाशावर लावत असे आणि जुन्या वहीच्या आधाराने खेळत असे. घरच्यांनी याला काय म्हटले ते इथे लिहीत नाही. बेळगाव ते खानापूर या बसच्या प्रवासात वही उघडणे शक्य नसल्याने तिथे भुयारात शिरायचे नाही, फक्त उघड्यावर फिरून लढाया करायच्या, असा नियमही मी घालून घेतला होता.

त्या लढायांबद्दल मात्र पहिल्यापासून समाधान आहे. एजेस पद्धतीत शत्रू कमी वेळा अडवतात, अनुभवाचे गुण आणि मेसेटा, म्हणजे खेळातले पैसे, जास्त मिळतात आणि चालही वेगवान आहे. मूळ खेळात सुरुवातीच्या गावाबाहेर तासन् तास फेऱ्या मारून पैसे जमवावे लागत. ज्यांना तीच शिक्षा पुन्हा भोगायची असेल त्यांच्यासाठी मूळ पद्धतही दिलेली आहे. मी ती एका रविवारी सुरू केली आणि त्याच रविवारी बंद केली. शस्त्रे आणि मंत्र यांची माहिती देणारी यादी आता जवळच असते, हेही बरे झाले. जपानी यंत्रात जोडल्या जाणाऱ्या एफएम चिपचे संगीत निवडण्याची सोय आहे. ते इअरफोनवर ऐकताना बसचा खडखडाट विसरायला होतो. भाषा इंग्रजी किंवा जपानी. जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड, अर्जावर इंग्रजी आणि तोंडात मराठी अशा भागात आयुष्य गेल्यामुळे मला त्याचे काही वाटले नाही.

थोडे विषयांतर वाटेल, पण आमच्या भागातील माणसाला हा खेळ इतरांपेक्षा थोडा जास्त कळतो असे माझे मत आहे. अवकाशतळाकडे जायचे तर पहारेकरी रोडपास मागतो. तो पास उघडपणे विकला जात नाही. दुकानात ‘सीक्रेट’ नावाची वस्तू पुन्हा पुन्हा मागावी लागते, दुकानदार आधी कानांवर हात ठेवतो आणि मग हळूच काढून देतो. दुसऱ्या ग्रहावर जायचे तर पासपोर्ट वेगळा. २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद हातात धरून रांगेत उभे राहिलेल्यांना यात विज्ञानकथा फारशी दिसणार नाही. पुढे मोटाव्हिया ग्रहाच्या गव्हर्नरांना भेटण्यासाठी भेटवस्तू म्हणून केक न्यावा लागतो आणि तो केक पाल्मा ग्रहावरील एका गुहेच्या पोटात असलेल्या दुकानात मिळतो. साहेबांच्या भेटीला जाताना कुंद्याचा डबा घेऊन जाणाऱ्या बेळगावकरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता मत कसे बदलले ते सांगतो. मेड्युसाच्या मनोऱ्यात अ‍ॅलिसचा साथीदार ओडिन याची लॅकोनियन कुऱ्हाड असते. माझ्या वहीत या मनोऱ्याची पाने सर्वांत देखणी आहेत. शाई न फुटता काढलेल्या रेघा, कोपऱ्यात मजल्याचा आकडा, बाणाने दिशा. मे महिन्यातील एका रात्री मी त्या पानांप्रमाणे चालत गेलो आणि वहीत वाट दाखवलेल्या जागी भिंत लागली. मागे येऊन पुन्हा मोजले, पुन्हा भिंत. तिसऱ्या खेपेला मी या आवृत्तीलाच दोष दिला. सजवताना मजल्याची रचना बदलली असणार, असे घरात मोठ्याने म्हणूनही झाले. अखेर चिठ्ठी सोलून काढली.

यंत्राच्या नकाशावर तो लांब बोळ माझ्या वहीपेक्षा एका चौकटीने मोठा होता. एका सरळ बोळात चालताना बारा वर्षांच्या मुलाने एक पाऊल कमी मोजले होते, आणि तिथून पुढचा सगळा मजला एका चौकटीने सरकला होता. सरकलेला बोळ दुसऱ्या बोळाच्या अंगावर येऊ लागल्यावर त्या मुलाने काय केले, तर दोन्ही बोळांच्या मधे एक भिंत काढून दिली आणि प्रश्न मिटवला. ती भिंत खेळात नाही. शेताच्या मोजणीत पहिली साखळी चुकली की शेवटचा बांध शेजाऱ्याच्या उसात जातो, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी समजावत असतो. आणि माझी स्वतःची पहिली मोजणी अशी बेमालूम जुळवलेली निघाली. त्या भिंतीपलीकडच्या भागात मी लहानपणी कधीच गेलो नव्हतो. तिथे काहीच नाही, असे मी तीस वर्षे धरून चाललो होतो.

तेव्हापासून चिठ्ठी गेली. आता मी नकाशाकडे वरिष्ठाकडून तपासून आलेल्या कागदासारखे पाहतो: आधी वहीत काढतो, मजला संपला की जुळवून पाहतो. बसमध्येही भुयारात शिरतो, कारण कुठेही थांबवून ठेवण्याची सोय आहे आणि खानापूरच्या थांब्यावर उतरताना आपण कोणत्या वळणावर होतो ते लक्षात ठेवावे लागत नाही. एक तक्रार मात्र शिल्लक आहे. साडेपाच इंची पडद्यावर नकाशाच्या चौकटी माझ्या पंचेचाळिशीच्या डोळ्यांना फारच लहान पडतात. बसमध्ये चष्मा कपाळावर सरकवून यंत्र नाकाजवळ आणावे लागते, आणि शेजारचा प्रवासी जागा बदलून बसतो.

पिनेचे प्रकरण ऑगस्टमधील आहे. चार्जिंगला लावलेल्या वायरीत भाच्याचा पाय अडकला, यंत्र खाली आले आणि चार्ज होणे थांबले. दोष भाच्याचा आणि जमिनीवरून वायर नेणाऱ्या माझा. शहरातील एका दुकानात यंत्र दिले. तीन आठवडे फेऱ्या मारल्यावर सांगण्यात आले की बोर्ड गेला आहे, ४,५०० रुपये लागतील आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’. हा शब्द ऐकून मला १९९५ ची ती बॅटरी आठवली. आतला खेळ मी पुन्हा डेझोरिसवर आणून ठेवला होता आणि तो दुसऱ्यांदा तिथेच पुसला जाणार होता. काऊंटरवर माझा आवाज चढला, हे मान्य करतो. शेवटी तपासणीचे २०० रुपये भरून यंत्र परत घेतले आणि बसस्थानकाजवळ मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे नेले. त्याने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, “बोर्ड बरा हाय की ओ सर, पिन तेवढी गेलीया.” सहाशे रुपये घेतले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र दिले आणि फॉरमॅटचे विचारले तर हसला.

काल रात्री लॅसिक पडला. त्यानंतर काय उरते ते ज्यांनी खेळलेले नाही त्यांच्यासाठी लिहीत नाही. खेळाचे चित्रण ज्यांनी घडवले त्या रिएको कोदामा २०२२ मध्ये वारल्या. गावांतील माणसांचे चेहरे, शत्रूंच्या मागे दिसणारे समुद्र आणि जंगले पाहताना त्यांची आठवण येत राहिली. १९८७ मध्ये एका मुलीच्या हाती तलवार देऊन तिला नायिका केले होते, हे माझ्या लेकीला सांगितले तेव्हा तिने फक्त “मग?” असे विचारले.

पुढचा भाग, १९८९ चा ‘फँटसी स्टार २’, स्विचवर मेगा ड्राइव्ह या सेगाच्या नंतरच्या यंत्रावरील खेळांच्या संग्रहात मिळत होता; डिसेंबर २०२४ मध्ये तो संग्रह ऑनलाइन दुकानातून काढला गेला. त्याची भुयारे इतकी गुंतागुंतीची आहेत की अमेरिकेत खेळाच्या खोक्यातच सगळ्या नकाशांची पुस्तिका देत असत. संग्रहातील आवृत्तीत आपोआप नकाशा काढून देणारी सोय नाही. खडेबाजारातून आलेख वही आणून ठेवली आहे, ४५ रुपये. चौकटी मोठ्या आहेत का ते दुकानातच चष्मा काढून पाहून घेतले. संग्रह पुन्हा विक्रीला आला की घेईन, त्यात ते २.०१ डॉलर एकदाचे लागतील.