निक्कॉर १०५ एमएम एफ/२.५: काळ्या रानातल्या चेहऱ्यांसाठी

डोक्याला पांढरा पटका, उन्हानं रापलेला चेहरा, मागं शाळूचं रान. मराठवाड्यात असं पोर्ट्रेट काढायचं असेल आणि हातानं फोकस करायची तयारी असेल, तर जुन्या लेन्सांत निकॉनची ही १०५ पहिली घ्यावी. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच लेन्सचा. अपर्चर २.५ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, कातडीवर किंचित मऊपणा राहतो, ४ वर पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा.

घेताना आधी अपर्चर रिंग बघा. एआय म्हणजे अपर्चर बॉडीला कळवणारी निकॉनची जोडणी; १९७७ च्या आधीच्या नॉन-एआय लेन्सवरच्या धातूच्या 'कानांना' भोकं नसतात. ती स्वस्त मिळते, पण निकॉनच्या डी७२०० किंवा डी७५० बॉडीवर तशीच चढवली तर माउंटच्या कडेचा खटका तुटू शकतो. एआयला कानांत भोकं आणि रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. १९८१ पासूनच्या एआय-एसवर २२ हा आकडा नारिंगी असतो आणि सरकतं हूड अंगचंच असतं. आमचं मत एआय-एसलाच. मग अपर्चर पूर्ण उघडून मागून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस. आपल्या कोरड्या हवेत तो कमी धरतो, पण मुंबई-कोकणातून आलेला नग नीट तपासावा. शेवटी रिंग २२ वर ठेवून मागचा दांडा बोटानं दाबून सोडा. अपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर उन्हात पातळ झालेलं ग्रीस त्यांच्यावर उतरलेलं आहे. गाडीच्या डिकीत मे महिन्यात लेन्स ठेवली की हेच होतं.

बॉडीचंही बघून घ्या. डी७२००, डी७५० यांच्या मेनूत नॉन-सीपीयू (चिप नसलेली) लेन्स म्हणून १०५ आणि २.५ भरलं की उजेड मोजणारं मीटर चालतं. डी५६०० आणि डी७५०० वर लेन्स बसते, मीटर चालत नाही. तिथं एम मोड (सगळं हातानं) आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख). मिररलेसवर अडॅप्टर लावून स्टॅबिलायझेशनमध्येही १०५ भरा, नाहीतर फोटो हलतात.

खरी कसरत फोकसची. फुल फ्रेमवर दोन मीटरवरून डोक्यापासून छातीपर्यंत फ्रेम भरते, आणि २.५ वर फोकसची खोली जेमतेम साडेपाच सेंटिमीटर मिळते. माणसानं मान जरा वळवली की लांबचा डोळा गेलाच. म्हणून ४ वर काढा, पावणेनऊ सेंटिमीटर मिळतात. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगानं चमकवणारी सोय) भरवसा ठेवू नका. ते मिशीवर आणि पटक्याच्या काठावर आधी चमकतं, डोळा मागंच राहतो. स्क्रीनवर जवळचा डोळा मोठा करून बघा, बुबुळातली उजेडाची ठिणगी टोकदार झाली की रिंग सोडा, श्वास रोखा आणि लागोपाठ तीन फ्रेम घ्या. आपण स्वतः दोन सेंटिमीटर पुढं-मागं डुलतो, त्यातली एक तरी बसते. शटर २५० च्या (१/२५० सेकंदाच्या) खाली नको.

उजेडाचं गणित इथलं वेगळं आहे. काळी माती उजेड परत देतच नाही, त्यामुळं हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. माणसाच्या पुढ्यात जमिनीवर पांढरी चादर अंथरा, किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभं करा; वाळल्या कडब्याचा पिवळसर उजेड चेहऱ्याला फार शोभतो. फ्रेममध्ये काळं रान जास्त असलं की मीटर उजेड वाढवतं आणि पटका जळतो: एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बीबी का मकबऱ्यापुढं उलटं, मागचा पांढरेपणा मीटरला भुलवतो आणि चेहरा काळवंडतो. तिथं एक स्टॉप वाढवा. (मकबऱ्यात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.) भर दुपारी आयएसओ १०० आणि २.५ वर शटर थेट ४००० ला भिडतं. ५२ एमएमचा एनडी८ (उजेड आठ पटींनी कमी करणारा फिल्टर) लावला की ते ५०० वर येतं, पण त्या उन्हात पोर्ट्रेट काढूच नये. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर काढा, पार्श्वभूमी माणसापासून दहा-पंधरा मीटर मागं ठेवा.

उणिवा आहेत. एक मीटरच्या आत फोकस होत नाही. पाती सातच आणि सरळ, म्हणून ४ वर झाडाच्या फटींतले उजेडाचे ठिपके सातकोनी दिसतात. ते गोल हवे असतील तर २.५ वरच राहा. २.५ वर पांढऱ्या काठांना हलकी जांभळी किनार येते, ती रॉ फाइलमधून निघते. सूर्य समोर असला तर अंगचं हूड अपुरं पडतं, काळा रंग राखाडी होतो. तेवढ्या वेळेला सोबतच्यानं लेन्सच्या वर टोपी धरावी, फ्रेममध्ये येणार नाही इतक्या बेतानं.